इक्झोरा: पानं पिवळी, फुलं नावाला, आणि लेकीला हवाय त्यातला मध

हिरवाई:

अंगणाच्या भिंतीलगत इक्झोराची तीन झाडं लावली आहेत. लाल फुलांची, मोठ्या पानांची, मिनी जातीची नव्हेत. आणली तेव्हा झुबकेच्या झुबके होते. आता वर्ष उलटून गेलंय आणि अवस्था अशी: शेंड्याकडची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. खालची जुनी पानं मात्र ठीक दिसतात. भिंतीला अगदी चिकटून असलेलं झाड सगळ्यात रोगट, आणि जे जरा पुढे आहे ते त्यातल्या त्यात बरं. फुलं म्हणाल तर एखाददुसरा झुबका, तोही लहान.

खायला काही कमी केलेलं नाही. शेणखत घालते, अधूनमधून १९:१९:१९ हे मिश्र खत पाण्यात विरघळवून देते. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून राख आणि अंड्याची टरफलंही घालते आहे. पाणी बोअरचं, बादलीवर पांढरा थर चढतो असलं. ऊन सकाळपासून दुपारपर्यंत चांगलं मिळतं. माळीबुवा पंधरा दिवसांनी येऊन मोठ्या कात्रीने झाडं गोल करून जातात.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. लेकीला तिच्या आजीने शिकवलंय, फूल खुडायचं, मधली बारीक काडी बुडाकडून हळूच ओढायची, तिच्या टोकाला गोड थेंब येतो तो जिभेवर ठेवायचा. झालं, आता बाईसाहेब रोज सकाळी झाडापाशी. कधी थेंब मिळतो, कधी नाही, मग रुसवा. मला धाकधूक अशी की हे खरंच खाण्याजोगं आहे ना? आजी म्हणते आम्ही लहानपणी हेच करायचो, काही झालं नाही. आणखी दोन झाडं आणायचा विचार आहे, तर आधी विचारून घ्यावं म्हटलं.

रोपवेडा:

लोहाची कमतरता आहे, डोळे झाकून सांगतो. हिराकस (फेरस सल्फेट) आणा, प्रत्येक झाडाच्या बुडाशी चमचाभर टाका, वरून पाणी. चहाचा चोथा पण टाकत जा, आम्लता वाढते. महिन्यात हिरवीगार.

मधाचं काय, आम्ही सगळ्यांनीच चोखलाय. काही होत नाही.

नर्सरीवाली:

रोपवेड्या, निदान बरोबर, औषध अर्धं. आणि "काही होत नाही" हे वाक्य बाकीच्यांनी तूर्त बाजूला ठेवा, त्यावर नंतर येते.

हिरवाईताई, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की झाड बघायची गरज नाही. झाडाच्या अंगात लोह एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही, त्यामुळे ते कमी पडलं की आधी नवी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. नत्र (नायट्रोजन) कमी पडलं असतं तर उलटं झालं असतं, कारण नत्र जुन्या पानांतून काढून झाड नव्या पानांना देतं. तुमची जुनी पानं ठीक आहेत, म्हणजे झाड उपाशी नाही. समोर ताट आहे पण त्याला घास घेता येत नाहीये. आणि ते का, तेही तुम्हीच लिहिलंय: भिंतीला चिकटलेलं झाड सगळ्यात वाईट.

इक्झोराला आंबट माती लागते, सामू (pH) पाच ते सहाच्या आसपास. मूळचं हे झाड दक्षिण भारत आणि श्रीलंकेतलं, जिथे पावसाने जमिनीतला चुना धुऊन नेलेला असतो. पश्चिम किनाऱ्याच्या जांभ्या मातीत ते कुणी लक्ष न देताही कुंपणभर फुलतं. कॉफी आणि आपला अनंत याच्याच कुळातले. अनंताची पानं पिवळी पडतात म्हणून ज्यांनी कपाळाला हात लावलाय त्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

आता तुमच्याकडे बघा. भिंतीचा गिलावा पावसात धुपतो, त्यातला चुना बुडाशी उतरतो. पायाजवळ बांधकामाचा राबिटही पुरलेला असतो, खणून बघा, सिमेंटचे तुकडे सापडतील. बोअरच्या पाण्यातला पांढरा थर म्हणजे चुनाच, तो प्रत्येक पाण्यासोबत जातोय. राख अल्कधर्मी. अंड्याची टरफलं तर निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. काकूंचा सल्ला गुलाबाला किंवा टोमॅटोला चालेलही, पण या झाडाला चारी बाजूंनी चुना मिळतोय. त्यात १९:१९:१९ मधलं स्फुरद (फॉस्फरस) साचत गेलं की तेही लोहाच्या आड येतं. ते आजपासून बंद.

खात्री करायची तर साधा उपाय. भिंतीजवळची चमचाभर माती पूर्ण वाळवा, वाटीत घ्या, वर व्हिनेगर ओता, कान जवळ न्या. चरचर ऐकू आली किंवा बुडबुडे दिसले तर मातीत मोकळी चुनखडी आहे. पुढच्या बऱ्या झाडाजवळची मातीही अशीच तपासा आणि दोन्हींतला फरक इथे लिहा. मग पुढचं बोलू. मापून सामू हवा असेल तर माती परीक्षण करून घ्या, पण उपाय काय करायचा ते ही चरचर पुरेसं सांगते.

पाकोळी:

लेकीला थेंब कधी मिळतो, कधी नाही, याचं उत्तर माझ्याकडे आहे.

इक्झोराच्या प्रत्येक फुलाला इंच-दीड इंच लांबीची सुईसारखी नळी असते आणि मध अगदी तळाशी. मधमाशीची जीभ तिथवर पोचत नाही, म्हणून इक्झोराचा मध पोळ्यात जमत नाही. हे फूल आहे फुलपाखरांसाठी. ब्लू मॉरमॉन, म्हणजे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, तेही द्वीपकल्पीय भारत आणि श्रीलंकेचंच रहिवासी. ते इक्झोरावर आलं की झुबक्यातलं एकेक फूल नेमानं तपासत जातं, बसतही नाही नीट, पंख फडफडवत पुढे. त्याने एकदा नळी रिकामी केली की लेकीच्या वाट्याला कोरडी काडी. शिंजीर पक्षी आणि मोठे काळे भुंगे तर कधीकधी समोरून न येता नळीला बुडाशी भोक पाडतात. अशी बारीक चीर दिसणारी फुलं सोडून द्यायची.

तेव्हा उन्हं चढायच्या आधी जायचं आणि झुबक्यातली नुकतीच उमललेली फुलं घ्यायची. मिटलेली कळी तोडून उपयोग नाही. ती "काडी" म्हणजे कुक्षीवृंत, फुलाच्या मादी भागाचा दांडा. गंमत अशी की फूल उमलायच्या आधीच परागकोश आपले पराग त्या काडीच्या टोकाला लावून ठेवतात, म्हणजे पहिल्या पाहुण्याच्या अंगावर ते तिथूनच लागतात. लेकीच्या बोटांना पिवळट भुकटी लागत असेल तर ती हीच.

आणि दोन-चार झुबके फुलपाखरांना ठेवा हो! सगळा संसार तुमच्या अंगणावर थोडाच चालतो त्यांचा, पण तरी.

नर्सरीवाली:

पाकोळी, छान लिहिलंस. आता मी मधाच्या दुसऱ्या बाजूबद्दल.

इक्झोराच्या मधात स्वतःचं विष नाही. पण हिरवाईताईंना आणखी दोन झाडं आणायची आहेत, आणि मी हा धंदा केलाय म्हणून सांगते: विकायला ठेवलेल्या झाडावर मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसली तर गिऱ्हाईक उचलत नाही. म्हणून फवारतात. त्यातली इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम ही औषधं आंतरप्रवाही असतात. पानावर मारली किंवा मुळाशी ओतली तरी रसातून झाडभर फिरतात आणि परागात, मधात उतरतात. वरून धुऊन जात नाहीत. लाकूड धरणाऱ्या झुडपात त्यांचा अंश काही महिने, कधी वर्षभरही टिकतो. एकदोन थेंबांनी मूल आडवं पडणार नाही, पण रोज सकाळी मुद्दाम द्यावं असं ते नाही, आणि फुलपाखरांसाठी तर नाहीच नाही.

म्हणून माझा नियम: विकत आणलेल्या झाडाचं पहिलं वर्ष फुलं बघायची, चोखायची नाहीत. तुमच्या जुन्या तीन झाडांना वर्ष झालंय आणि तुम्ही काही मारलं नसेल तर खुशाल चोखू दे. पण माळीबुवांना विचारा. ते "थोडं औषध मारतो" म्हणून परस्पर मारून जातात आणि सांगत नाहीत. भिंतीच्या पलीकडे डासांचा धूर मारत असतील तर त्या दिवसांतही नको. फुलात मुंग्या असतात, फुंकर मारायला शिकवा.

याहून मोठी काळजी वेगळीच. मुलाला एक फूल गोड असतं हे कळलं की ते पुढचं फूल स्वतः शोधतं. बागेत कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोत्रा यांपैकी काही असेल तर लेकीला हात धरून त्या झाडापाशी न्या आणि सांगा की हे नाही, कधीच नाही. या तिन्हींचा कुठलाच भाग तोंडात घालायचा नसतो. ओळख पक्की करून घ्या: इक्झोराला चार पाकळ्या, पानं समोरासमोर जोडीने, तोडलं तर चीक येत नाही. लाल-गुलाबी कण्हेरीला साधारण पाच पाकळ्या आणि पानं तीन-तीनच्या फेऱ्यात. पण "चीक नाही म्हणजे चालेल" असा नियम शिकवू नका, धोत्र्यालाही चीक नसतो. एकच नियम: फक्त हे झाड, आणि मोठं माणूस सोबत असताना.

हिरवाई:

माळीबुवांना विचारलं. ते म्हणाले "आमच्याकडे औषध नसतंच, कात्री तेवढी असते." बरं झालं. शेजारच्या बागेत बिट्टी आहे, फांद्या आमच्या बाजूला येतात. लेकीला दाखवली. "ही वाईट आहे का?" म्हणून विचारत होती, मी म्हटलं वाईट नाही, पण आपली नाही.

व्हिनेगरचं केलं. भिंतीजवळच्या मातीत स्पष्ट बुडबुडे, फेसच म्हणा. पुढच्या झाडाजवळच्या मातीत अगदी बारीक चरचर, कान लावून ऐकली. खणल्यावर राबिटही निघाला.

आता काय? गंधक टाकून माती आंबट करता येते असं वाचलं.

रोपवेडा:

हो हो, गंधक उत्तम. मी पण तेच सुचवणार होतो. भुकटी मिसळा, सहा महिन्यांत सामू खाली.

नर्सरीवाली:

चुनखडी नसलेल्या मातीत उत्तम. इथे हिशोब करून बघू.

गंधक स्वतः आंबट नसतं. मातीतले जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात, त्याला ऊब, ओल आणि काही महिने लागतात. तयार झालेलं आम्ल आधी मोकळा चुना खातं, चुना संपल्याशिवाय सामू खाली येत नाही. एक किलो गंधक जेमतेम तीन किलो चुना संपवतं. तुमच्या मातीत पाच टक्के चुनखडी धरली, जी फेसावरून काही जास्त नाही, तर एक घनमीटर मातीचं वजन साधारण १३०० किलो, त्यात चुना ६५ किलो. तो संपवायला एकवीस-बावीस किलो गंधक. एवढं घातलंत तर झाडच जळेल, आणि तोवर भिंत आणि बोअर मिळून नवा चुना आणतच राहणार. विहिरीतलं पाणी चमच्याने उपसायचा प्रकार आहे हा.

हिराकसाचंही तेच. चुन्याच्या मातीत त्यातलं लोह थोड्याच दिवसांत गंजाच्या रूपात अडकतं. चहाचा चोथा कंपोस्टात घाला, चांगलाच आहे, पण तो वापरून झालेला असतो, फारशी आम्लता त्यात उरलेली नसते.

तर मी असं करीन. भिंतीजवळची दोन्ही झाडं पावसाळा लागला की मातीच्या गोळ्यासकट काढायची. गोळ्याबाहेरची भिंतीकडची माती झटकून टाकायची आणि झाडं मोठ्या कुंडीत लावायची. सिमेंटची कुंडी नको, पुन्हा तोच चुना. मिश्रणात निम्मी लाल जांभी माती, बाकी कोकोपीट आणि कुजलेला पालापाचोळा, मूठभर निंबोळी पेंड. नदीची वाळू घालणार असाल तर आधी व्हिनेगर टाकून बघा, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो कधीकधी. काढताना फांद्या एक तृतीयांश कमी करा, मुळं तुटलेली असतात, तेवढी पानं ती पोसू शकत नाहीत.

पुढचं झाड तिथेच राहू द्या. त्याला चिलेट केलेलं, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह द्या, पण पुडी घेताना अक्षरं वाचा. ईडीटीए असेल तर सामू साडेसहाच्या वर गेला की त्यातलं लोह सुटू लागतं, तुमच्या मातीत फुकट. ईडीडीएचए हवं. ते सामू नऊपर्यंत लोह धरून ठेवतं. महाग असतं पण लागतं चिमूटभर. लेबलवरच्या प्रमाणात मुळाशी ओता, पाणी तांबडं होतं त्याला घाबरू नका. फरशीवर सांडलं तर डाग मात्र पडतो.

तोवर हिरवं बघायची घाई असेल तर हिराकस फवारा, एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम, त्यात एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी. रोपवेड्या, तुझं हिराकस असं आलं बघ कामाला. पण ज्या पानावर पडेल तेच हिरवं होतं, पुढची फुटणारी पानं पुन्हा पिवळीच. आणि फवारल्यावर लेकीने त्या झुबक्यांना हात लावायचा नाही, नवे येऊ द्यायचे.

पाणी: पावसाचं साठवता आलं तर त्यासारखं काही नाही. कुंड्यांना तरी तेच द्या.

काडीकलम:

फुलं का नाहीत यावर कुणीच बोललं नाही! माळीबुवांच्या हातातली कात्री हे दुसरं कारण. इक्झोराला फूल येतं फांदीच्या टोकाला, नव्या फुटीवर. छाटल्यावर फूट यायची, ती पक्व व्हायची, मग टोकाला कळ्या. यात काही आठवडे जातात. दर पंधरा दिवसांनी गोल केलं तर कळ्या धरायच्या आतच टोकं जमिनीवर. कुंपणाचा आकार हवा की फुलं, एकच काहीतरी निवडा.

एक बहर संपला की सुकलेल्या झुबक्याखाली एक-दोन पेरं सोडून हाताच्या कात्रीने कापा. मग कात्री ठेवून द्या. छाटलेल्या ठिकाणी दोन फुटी येतात, म्हणजे पुढच्या बहराला झुबके दुप्पट.

आणि नवी झाडं विकत कशाला आणता? छाटलेल्या फांद्यांतूनच करा, औषधाचा प्रश्नच मिटला. अगदी कोवळी हिरवी नको आणि जून लाकूडही नको, मधली, वाकवली तर लवते पण लुळी पडत नाही अशी काडी. वीतभराहून थोडी कमी, पेराच्या लगेच खाली कापायची, वरची दोन पानं ठेवायची आणि तीही अर्धी कापायची, कळी असेल तर खुडायची. बुडाला रूटिंग हार्मोन लावून कोकोपीटमध्ये, वर पिशवी, सावलीत. पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात मुळं धरते. ओढून बघू नका. सगळ्या लागत नाहीत, म्हणून जास्त लावा. धीर नसेल तर गुटी बांधा (फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची), ती जवळपास खात्रीची.

फक्त काडी त्या पिवळ्या झाडाची घेऊ नका, पुढच्या बऱ्या झाडाची घ्या.

हिरवाई:

हे कळलंच नव्हतं. माळीबुवांना सांगितलं तर ते नाराज, "मग मी येऊन करू काय?" त्यांना जास्वंदीच्या कामाला लावलंय.

शेवटचं एक. पानाखाली पांढरा कापूस आणि पानावर काळी पूड दिसतेय एका झाडावर, मुंग्यांची रांगही आहे. आता औषध मारायचं नाही म्हटलं तर करायचं काय?

नर्सरीवाली:

कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तो गोड चिकटा टाकतो, त्यावर काळी बुरशी वाढते, तीच काजळी. मुंग्या चिकट्यासाठी येतात आणि बदल्यात किडीला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा: पानं भिंतीला आणि जमिनीला टेकत असतील तर तेवढ्या फांद्या काढा.

मग पाण्याच्या जोराच्या धारेने पानाची खालची बाजू धुवा, दोनचार दिवसांनी पुन्हा. उरलेल्या कापसाला स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस लावून पुसा. तरी राहिला तर साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, ऊन उतरल्यावर, झुबके काढून टाकून. काजळी आपोआप पापुद्र्यासारखी सुटते, तिच्यावर वेगळं काही मारू नका.

आणि हे झाड कुंडीत हलवायच्या दोघांपैकी असेल तर हे सगळं आधी उरका. मुळांतही पिठ्या असतो कधीकधी. गोळा काढल्यावर मुळांवर पांढरं दिसलं तर माती पूर्ण धुऊनच लावा.